देवाची घोडी

माळेगावच्या साखर कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्याला, कॅनॉलच्या अलीकडं, पत्र्याच्या खोल्यांची एक रांग आहे. त्यातल्या कडेच्या खोलीत सारजा राहते. मुलगा शंभूराज कारखान्यात वजनकाट्यावर कामाला आहे, सून आहे, नात छकुली शाळेत जाते. सकाळी उठलं की सारजा घरादाराची अंथरुणं गोळा करते, घोंगड्यात गुंडाळते आणि दोरानं अशी आवळते, की रात्री गाठ सोडवताना सुनेची नखं मोडायची वेळ येते. "आत्याबाई, हे काय घोड्यावर लादायचंय का?" सून एकदा वैतागून म्हणाली. दुसऱ्या दिवशी गाठ तशीच पक्की होती.

रांगेतल्या बायकांना ती जरा तऱ्हेवाईक वाटते. घरात म्हणून बसत नाही. पाऊस असला तरी दारात, उंबऱ्याच्या बाहेर. टीव्ही लागला की तोंड फिरवते. नवरा तात्याबा मेंढरं विकल्यावर कसेबसे दोन उन्हाळे काढून गेला, त्या धक्क्यानं तिचं असं झालं, असं बायका आपसांत ठरवून मोकळ्या झाल्यात. बायकांचा तर्क अगदीच चुकलेला नाही. फक्त त्यांनी सुरुवात चुकीच्या मरणापासून केली आहे.

सारजाचा जन्म तळावरचा, आणि लग्न होऊन ती गेली तीही तळावरच. वाडा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं चौक आणि तुळशीवृंदावन येतं. धनगरांच्या वाड्याला भिंत नसते. चार-सहा घरची मेंढरं, त्यांची माणसं, कुत्री, कोंबड्या आणि हे सगळं बिऱ्हाड पाठीवर वाहणाऱ्या घोड्या एकत्र निघाल्या की झाला वाडा. तो जिथं थांबेल तो तळ. दसरा झाला की बारामती-इंदापूरच्या कोरड्या माळांवरून वाडे निघायचे, पश्चिमेला सरकत सरकत घाटमाथ्याच्या जंगलात शिरायचे, घाट उतरून कोकणात जायचे आणि पावसाच्या आधी परत वर यायचे. वाटेत शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची, रानाला खत मिळायचं, यांना धान्य मिळायचं. कुणी कुणावर उपकार करत नव्हतं.

मेंढरं बाप्यांची आणि घोड्या बायकांच्या, अशी वाटणी होती. सकाळी बापे मेंढरं घेऊन चरायच्या वाटेनं निघून जात. मागं राहिलेला संसार बायका घोड्यांवर चढवत आणि जवळच्या वाटेनं पुढचा तळ गाठत. पाठीवर पलाण, त्याच्या दोन्ही अंगांना धान्याची पोती, त्यावर मेंढरं कोंडायची जाळी, पाल, अंथरुणं, भांडी, आणि सगळ्यांत वर पाटीत कालपरवा जन्मलेली कोकरं. एका बाजूला पसाभर वजन जास्त झालं तर संध्याकाळपर्यंत घोडीची पाठ सोलून निघते. सारजा डोळ्यानं वजन करायची. तिनं लादलेलं ओझं घाटात कधी सरकलं नाही, आणि ज्यांची सरकायची त्यांना ती दुसऱ्या तळापर्यंत ऐकवत असायची.

तिच्या बापानं लग्नात एक घोडी आंदण दिली होती. पारवी हे तिचंच शिंगरू. घाटमाथ्यावरच्या जंगलात एका तळावर ती जन्मली आणि सारजानं तिला स्वतःच्या घोंगड्यानं पुसून कोरडी केली. पारव्याच्या रंगाची म्हणून पारवी. दिसायला काही खास नव्हती. पोट सुटलेलं, खालचा ओठ लोंबणारा, आणि परकं माणूस जवळ आलं की कान पाडून चावायला धावणारी. सारजाचा स्वभावही साधारण असाच असल्यामुळं दोघींचं चांगलं जमलं.

वाड्याची जुनी म्होरकी घोडी थकली तेव्हा देव आता कुणाच्या घोडीवर द्यायचा हे ठरवायला सगळे बसले. देव म्हणजे बिरोबाचे टाक, हळदीच्या फडक्यात बांधून पितळी पेटीत ठेवलेले. ही पेटी ज्या घोडीवर, ती सगळ्यांच्या पुढं चालणार. तिच्या पुढं कुणी चालायचं नाही, माणसानं नाही आणि दुसऱ्या जनावरानंही नाही. देवाला पाठ दाखवून चालणं कुणाच्या मनातसुद्धा यायचं नाही. घोडीची मालकीणसुद्धा फार तर पलाणाच्या बरोबरीनं चालायची, त्याच्या पुढं एक पाऊल नाही. ती पेटी पारवीवर आली. वाड्यात बाईला मान मिळायच्या जागा थोड्या, त्यातली ही एक. त्या संध्याकाळी सारजा भाकरी थापता थापता गुणगुणत होती, आणि तिच्या जावांनी एकमेकींकडं बघून ओठ मुडपले.

पारवीनं तो मान राखला. एकदा गेलेली वाट ती विसरायची नाही. वर्षानं त्याच तळावर आली की मागच्या खेपेला जिथं पाल होतं बरोबर तिथं जाऊन उभी राहायची. "हिच्या पायातच वाट हाय," असं वाडाभर म्हणत. सारजाला ते ऐकायला फार आवडायचं. पुढं तेच वाक्य तिच्या अंगाशी आलं.

एकदा इंदापूरच्या बाजूला, ज्वारी काढलेल्या मोकळ्या रानात, तिनं पारवीपुढं पाण्याचं घमेलं ठेवलं. पारवीनं त्यात पाय घातला. सारजा आधी खेकसली. मग जवळ सरकली. तिनं हात पारवीच्या डोळ्यांसमोरून नेला, पुन्हा नेला. पापणी हलली नाही. बुबुळावर दुधावरच्या सायीसारखा पातळ पडदा आला होता. कांद्याचा रस झाला, मध झाला. बारामतीला बाजाराच्या दिवशी जनावरांच्या दवाखान्यातून तिनं मलम आणलं. तिथल्या डॉक्टरनं तिच्या तोंडावरच सांगितलं, की गेलेली नजर आता यायची नाही. तात्याबानं मलम कशाला म्हणून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माश्या लागल्यात घोडीला." तात्याबानं मान हलवली आणि तो मेंढरांकडं गेला.

सांगितलं असतं तर देव दुसऱ्या घोडीवर गेला असता. सारजा मानाची भुकेली होती, पण एवढ्यासाठी खोटं बोलण्याइतकी नव्हती. तिला भीती वेगळी होती. वाड्यात ज्याचं बिऱ्हाड त्याच्याच घोडीनं वाहायचं, दुसऱ्याच्या पाठीवर आपलं ओझं टाकायचं नाही, हा नियम होता. दुसरी घोडी घेण्याची त्यांची ऐपत नव्हती. घोडी नाही म्हणजे वाट नाही, वाट नाही म्हणजे मेंढरं विकायची, आणि मेंढरं विकली की तात्याबा संपला. हे ती उगीच म्हणत नव्हती. मागं एका साली तापानं तो घरी राहिला होता. सबंध हंगाम भिंतीकडं तोंड करून बसला आणि सकाळ झाली की एकच विचारायचा, "आज तळ कुठं आला आसंल?" भाकरी पुढं ठेवली तर खायची, नाही ठेवली तर नाही. तशा माणसाला माळेगावच्या पत्र्याखाली नेऊन ठेवणं म्हणजे हातानं मारणंच, असं सारजाला वाटायचं. आणि स्वतःचंही तिला ठाऊक होतं. तो एक हंगाम सोडला तर तिनं चार भिंतींत सलग महिना कधी काढला नव्हता.

मग तिनं लपवायला घेतलं, आणि त्यातही हुशारी केली. लोकरीचे लाल-पिवळे लांब गोंडे विणले आणि ते पारवीच्या कपाळावरून डोळ्यांवर येतील असे बांधले. बायकांनी कौतुक केलं, एकीनं आपल्या घोडीसाठी तसेच मागितले. चालताना सारजा पारवीशी सतत बोलू लागली. "दगूड हाय गं. आता पानी. उचल पाय. बास बास, उतार लागला." तिची चुलत जाऊ बानूबाई, सावळारामची बायको, हसून म्हणायची, "आक्का, येवढं तर भावजींशी बी बोलत न्हाईसा." सारजा फटकन म्हणायची, "त्यास्नी सांगून कळतंय का?" सगळ्या हसायच्या. ओळखीच्या वाटा, ओळखीचे तळ आणि सारजाची जीभ, एवढ्यावर आंधळी घोडी देव घेऊन वाड्याच्या पुढं चालत राहिली. कुणाला वास लागला नाही, असं सारजा समजत होती.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. पणदऱ्यापासून खाली कोऱ्हाळ्यापर्यंत ऊस बांधाला येऊन टेकला होता. मेंढरं बसवा म्हणणारं कुणी राहिलं नव्हतं, लोक खताची पोती आणायचे. वाड्यातली साखरबाई कळप मोडून पणदऱ्यात जर्सी गाई पाळायला लागली. तिच्यामागं आणखी दोन घरं गेली. शंभूराज लूनावरून तळावर यायचा, आईला म्हणायचा, "आता बास कर की. मी हाय, खोली हाय, नळ हाय दारात." सारजा त्याला भाकरी वाढायची आणि विषय बदलायची.

त्या दसऱ्याला कोऱ्हाळ्याच्या बाजूच्या माळावर वाडा जमला. सावळाराम हा तात्याबाचा चुलतभाऊ, वयानं धाकटा, पण वाड्याचा कारभार त्याच्याकडं होता. शांत माणूस. तो म्हणाला, "औंदा टेम्पो सांगू. बिऱ्हाड टेम्पोत, बाया टेम्पोत. घोड्या आता कितीशा ऱ्हायल्यात?"

टेम्पो म्हणजे घोड्या विकायच्या, आणि पारवीला विकायला काढली की घेणारा पहिल्यांदा तिचे डोळे बघणार. ती म्हणाली, "टेम्पो डांबरीनं जाणार. म्हंजी तळ डांबरीच्या कडंला. मागल्या साली घाटात ट्रक मेंढरांत घुसला, ते इसरला का भावजी?"

सावळाराम विसरला नव्हता. त्याची स्वतःची मेंढरं होती ती. रस्त्यावरून फावड्यानं उचलावी लागली होती.

"मग कसं जायाचं म्हंता?"

"जुन्या वाटंनं. जंगलातनं. आपुन पैलं जात हुतो की."

ती वाट सोडून बरीच वर्षं झाली होती. डांबरी झाल्यावर सगळे तिकडूनच जायला लागले होते. कुणाला वळणं नीट आठवत नव्हती. सावळारामनं पारवीकडं बघितलं. ती गोंडे हलवत शांत उभी होती. "वैनी," तो म्हणाला, "पारवी उतरवंल का?"

बोलायचं असतं तर आत्ता होतं. सगळे ऐकत होते. तात्याबा जरा लांब बसून काठीनं माती उकरत होता, त्यानं मान वर केली नाही. ती वाट पारवीनं डोळे असताना पाहिलेली होती, आणि पाहिलेली वाट ती विसरत नव्हती. सारजाला स्वतःला हे पटवायला वेळ लागला नाही. गरजेपोटी माणसाला काहीही लवकर पटतं.

"उतरवंल," ती म्हणाली.

घाटमाथ्यापर्यंतचा प्रवास चांगला झाला. पाऊस भरपूर झाला होता, गवत कमरेएवढं होतं. घाटमाथ्यावरच्या पठारावर तळ पडला तेव्हा तिथं पुण्याची काही कॉलेजातली पोरं-पोरी आधीच उतरलेली होती. त्यांचे रंगीत तंबू होते, चकचकीत स्टोव्ह होता. घोड्या, कोकरं, पालं बघून ती हरखून गेली. एक जण म्हणाला, "काय मस्त लाइफ आहे तुमचं! रोज नवा कॅम्प!" सारजानं त्याला झऱ्याची वाट दाखवली आणि म्हणाली, "ऱ्हावा की मग. श्याण बी तुमीच भरा सकाळच्याला." तो हसला. ती थट्टा नव्हती.

त्यांच्यातल्या एका मुलीनं पारवीपुढं बिस्कीट धरलं. पारवी हलली नाही. मुलीनं बिस्कीट नाकाशी नेलं तेव्हा तिनं ओठ लांबवले. मुलीनं गोंडा हातानं बाजूला केला. "मावशी, हिला दिसत नाही का हो?"

बानूबाई शेजारीच चुलीला दगड लावत होती. सारजा पटकन मध्ये आली, गोंडा सारखा केला. "दिसतंय की. ऊन डोळ्यावर आलंय तिच्या." ऊन पाठीमागून येत होतं. बानूबाईनं दगड लावला, पुन्हा काढला, पुन्हा लावला. सारजाला त्या रात्री भाकरी गेली नाही.

सकाळी बापे मेंढरं घेऊन डोंगराच्या सोंडेच्या उघड्या अंगानं गेले. तिकडं चारा होता, फेरा लांबचा होता. बायका घोड्या घेऊन जंगलातल्या वाटेला लागल्या. दुपारी खाली, नदीकाठच्या तळावर सगळ्यांनी भेटायचं होतं. पारवी पुढं, तिच्या पलाणाशी सारजा, मागं बानूबाईची घोडी, मग बाकीच्या.

पारवीनं वाट धरली आणि सारजाच्या छातीवरचं ओझं उतरलं. घोडी एकदाही अडखळली नाही. आंब्यापाशी डावीकडं, मोठ्या धोंड्याला वळसा, ओढ्यात तिरकं उतरून पलीकडं सरळ वर. मागून कौतुकाचे शब्द येत होते. सारजाला बोलावंसुद्धा लागत नव्हतं. बऱ्याच दिवसांनी ती पारवीशेजारून नुसती चालत होती. जंगलाचा वास येत होता, कोकरं पाटीत बें बें करत होती. हे असंच आणखी काही वर्षं चालेल, असं तिला त्या उतारावर खरंच वाटलं. तिच्या आयुष्यातली ती शेवटची बरी सकाळ होती.

मग झाडी पातळ झाली. पूर्वी इथं दाट जंगल होतं. आता ओळीनं लावलेली, एकसारख्या उंचीची, बारक्या पानांची नवी झाडं होती, आणि मधून गवत माजलेलं. सारजाला ही झाडं ओळखीची नव्हती. ओळीनं झाडं लावलेली आहेत म्हणजे कुणीतरी इथं येऊन रान बदललंय, इतकं तिला कळलं. बदललेल्या रानात आंधळ्या घोडीनं पुढं चालू नये, हेही कळलं. एक पाऊल पुढं व्हायचं, दोर हातात घ्यायचा आणि काठीनं गवत चाचपत जायचं, एवढंच करायचं होतं.

तिनं पाऊल उचललंसुद्धा. पण पलाणावर पेटी होती. मागं बानूबाई होती, आणि बिस्किटाची गोष्ट कालचीच होती. देवाची घोडी असताना सारजा पुढं का झाली, असं खाली तळावर विचारलं गेलं असतं, आणि त्याला खोटं उत्तर तिच्याजवळ उरलं नव्हतं. तिचं पाऊल होतं तिथंच खाली पडलं. पारवी मात्र आपल्या जुन्या वाटेनं न थांबता गेली, कारण तिच्या लेखी काही बदललंच नव्हतं.

पाणी मुरावं म्हणून डोंगराला आडवे चर खणले होते. ते गवतानं भरून गेले होते. पारवीचे पुढचे दोन्ही पाय एकदम आत गेले आणि मागून सगळं ओझं तिच्या मानेवर आलं. सारजाच्या हातातून पलाणाची कड निसटली. आवाज लाकूड मोडल्यासारखा झाला, आणि तो कसला ते तिथल्या प्रत्येक बाईला लगेच कळलं.

बायका धावल्या त्या आधी देवाकडं. पेटी गवतात जाऊन पडली होती. बानूबाईनं ती पदरात घेतली, कपाळाला लावली. मग कोकरं गोळा झाली, एक मेलं होतं. सारजा तेवढ्यात चरात उतरून ओझ्याचे दोर कापत होती. ज्या गाठींचा तिला अभिमान होता त्या सुटत नव्हत्या, म्हणून विळ्यानं कापत होती. ओझं निघालं तरी पारवी उठली नाही. डावा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळला होता.

एक पोरगी खाली निरोप घेऊन पळाली. तोवर जंगलाचा गार्ड आला. वरच्या अंगाला पाटी लावलीय, या भागात जनावरं आणायला बंदी आहे, असं तो सांगायला लागला. मग त्यानं चरात बघितलं आणि तो थांबला. "बाई, ही काही आता उठत नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "बाकीच्यांनी तरी संध्याकाळच्या आत खाली जावा. साहेब येणार आहेत."

सावळाराम आणि तात्याबा धापा टाकत वर आले. तात्याबा चरात उतरला. त्यानं पारवीचा पाय दोन्ही हातांनी चाचपला, मग तिच्या तोंडाशी गेला आणि गोंडे बाजूला केले. सारजा त्याच्या तोंडाकडं बघत होती. आता कळणार, आता हा विचारणार, म्हणून तिनं अंग आवळून घेतलं. पण त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. त्यानं अंगठ्यानं पारवीच्या डोळ्याचा कोपरा पुसला.

"तू पुढं व्हायाचं हुतंस," तो म्हणाला. "तिला दिसत न्हाय तर तू पुढं व्हायाचं हुतंस, सारजा."

"तुमाला ठावं हुतं?"

"तुझ्या आदीपासनं."

"मग बोलला का न्हाय?"

तात्याबानं चराच्या कडेवर उभ्या असलेल्या सावळारामकडं बघितलं. तो सगळं ऐकत होता. आता ऐकलं तरी काही बिघडणार नव्हतं. "बोललो असतो तर घरी बसावं लागलं असतं," तात्याबा म्हणाला.

सारजाला रडू आलं नाही. संताप आला, नवऱ्याचा, स्वतःचा, आणि त्या पेटीचासुद्धा. इतकी वर्षं एका पालात झोपून दोघांनी एकच गोष्ट एकमेकांपासून लपवली होती. दोघांतलं कुणी एकदा तोंड उघडतं तर दुसऱ्यानं काहीतरी मार्ग काढला असता. कदाचित नसताही निघाला. पण पारवी या चरात नसती, एवढं नक्की होतं.

सावळारामनं कुणाला बोल लावला नाही. तो लावता तर सारजाला बरं वाटलं असतं. तो बायकोला म्हणाला, "देव आपल्या घोडीवर घे." बानूबाईनं आपल्या घोडीवरचं वरचं सामान हलवून पेटीला जागा केली. करताना ती रडत होती, पण जागा करत होती. मग सावळाराम सारजाच्या बिऱ्हाडाकडं वळला. पोती, जाळी, पाल, भांडी चराच्या कडेला पसरली होती. त्यानं एकेका घोडीकडं नजर टाकली. सगळ्या भरलेल्या होत्या, आणि पुढं उतार अवघड होता. त्यानं नजर खाली घेतली.

"तात्या, मेंढरं खाली पोरांच्या भरवशावर हायती," तो म्हणाला. "चला."

"तू हो म्होरं," तात्याबा म्हणाला. मग सारजाला म्हणाला, "मेंढरं भावजीच्या हवाली करून येतो."

मेंढरं हवाली करून माणूस कशासाठी परत येतो ते तिथं कुणाला सांगावं लागत नव्हतं. सावळाराम कोकणात पोचला की ती विकून टाकणार, आणि ही दोघं बसनं माळेगावला जाणार. शंभूराज खूश होईल. दारात नळ आहे. सारजानं मान हलवली.

"तू येतीस का खाली?" त्यानं विचारलं.

"न्हाय."

तात्याबा चरातून वर चढला आणि गेला. त्याचं चालणं त्या वेळेपासूनच म्हाताऱ्याचं दिसायला लागलं. बायकांनी घोड्या सारख्या केल्या, एकेकीनं येऊन सारजाच्या खांद्यावर हात ठेवला, कुणी भाकरीचं फडकं ठेवलं, कुणी पाण्याची कळशी. गार्ड बाजूला उभा राहून चर कुठं कुठं आहेत ते हातानं दाखवत होता. बानूबाईनं आपल्या घोडीला जिभेनं चक् करून इशारा दिला आणि ओळ हलली.

सारजा चरात, पारवीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. घोडी इतका वेळ मुकाट पडून होती. घोड्यांच्या गळ्यातल्या घंटा उताराला लागल्या आणि तिनं कान ताठ केले. आपल्यावाचून ओळ निघालीय, आपली जागा पुढं आहे, हे तिला कळलं असावं. तिनं मान झटकली, तीन पायांवर जोर लावून उठायला गेली, मोडलेल्या पायावर आली आणि कोसळली. लगेच पुन्हा उठायला लागली. "ऱ्हाऊ दे," सारजा म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं बाय, आपल्याला न्हाय जायाचं." पारवीला तिचा प्रत्येक शब्द समजायचा, पण हा समजला नाही. घंटा अजून वाजत होत्या आणि ती अजून उठत होती. सारजा तिच्या मानेवर आडवी पडली, आणि वाडा खाली जाऊन आवाज बंद होईपर्यंत दोन्ही हातांनी तिचे कान दाबून धरून राहिली.